चौबळभाऊजींच्या कडक स्प्रिंगा

परक्या बाईला तोंडावर तिचं वजन विचारणारा पुरुष मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तोही ओळख झालेली नसताना. आम्ही कल्याणला, शहाडच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये नुकते राहायला आलेलो. सामानाची खोकीसुद्धा सुटली नव्हती आणि दारात एक उंच, वाळके गृहस्थ उभे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्टीलची पट्टी.

"मी चौबळ. तळमजल्यावर. वहिनी, तुमचं वजन किती?"

मी म्हटलं, "काय?"

"अंदाजे सांगा. नंतर काट्यावर बघू. माझ्याकडे पंचावन्न ते साठमधलं माणूसच उरलं नाही हो. जोशीकाकू होत्या, त्या दिवाळीनंतर साठच्या पुढे गेल्या."

आतून आमच्या ह्यांनी विचारलं, "कोण आहे गं?"

"कुणीतरी वजन विचारतायत!"

"रद्दीवाला असेल. म्हणावं अजून पेपरही लावला नाही आम्ही."

मला खरं तर दार धाडकन लावून घ्यायचं होतं. पण हे गृहस्थ इतक्या निर्मळपणे उभे होते की माझा रागच निघेना. बाईचं वजन विचारू नये हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा ते दुसरंच काहीतरी मोजत असणार. आणि मी मुळातच चौकस. ह्या माणसाला माझं वजन कशाला हवंय, हे कळल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

कोपऱ्यावर लाकडाची वखार होती. तिथल्या काट्यावर भाऊजी अख्ख्या बिल्डिंगला महिन्यातून एकदा तोलून आणायचे. त्या संध्याकाळी मीही कोळशाच्या पोत्यांशेजारी काट्यावर उभी राहिले, येणारेजाणारे बघतायत, वखारवाला वजनं चढवतोय. मग भाऊजींच्या घरी. तिथे एका दणकट स्टुलाला मधोमध भोक पाडलेलं. भोकातून एक लोखंडी दांडी खाली गेलेली, दांडीच्या डोक्यावर आपला जेवायला बसायचा पाट आणि तिच्या पायाशी, स्टुलाखाली, एक बोटभर उंचीची जाडजूड स्प्रिंग.

"बसा," भाऊजी म्हणाले.

मी मांडी घालून बसले. पाट हळूच खाली गेला. भाऊजी जमिनीवर पालथे पडून पट्टीनं स्प्रिंग किती दबली ते बघायला लागले. मला भीती वाटून मी दाराची चौकट धरली, तर खालून ओरडले, "हात सोडा, हात सोडा! वजन पळतं!"

त्यांच्या बायको शालिनीताई एका बाजूला बशीत लाडू घेऊन उभ्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "आधी माप होऊ दे. नाहीतर हे पुन्हा वखारीत नेतील."

मग भाऊजींनी मला सगळं समजावून सांगितलं. किती वजनाला स्प्रिंग किती दबते, ते माणसं बसवून मोजायचं. भाऊजी शहाडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते. कृत्रिम रेशमाचा धागा तुटेपर्यंत ताणायचा आणि कितीला तुटला ते लिहायचं, ही त्यांची नोकरी. घरी आले की स्प्रिंगा.

"इंजिनात झडपा असतात वहिनी. व्हॉल्व. दारंच ती. पेट्रोल-हवा आत घ्यायचं एक दार, धूर बाहेर सोडायचं दुसरं. दार ढकलून उघडायला सळी आहे. पण मिटायला कोण? ही!" त्यांनी चिमटीत स्प्रिंग धरली. "गाडी हळू असेल तर ही आरामात दार मिटते. गाडी पळायला लागली की दार मिटतंय न मिटतंय तोवर पुन्हा उघडायची पाळी. स्प्रिंग मऊ असली की तिला उरकत नाही. दार ना धड उघडं ना धड बंद, नुसतं तरंगतं. तरंगलं की इंजिनाचा दम गेला. आणि फारच तरंगलं तर खालून पिस्टन येऊन आदळतो."

"मग?"

"मग इंजिनाचे तुकडे. गाडी तेव्हा कुठल्या वेगात आहे आणि आत कोण बसलंय, पुढचं सगळं त्याच्यावर."

हे बोलताना त्यांचा चेहरा एकदम उतरला. मी लाडू खाल्ला आणि घरी आले. ह्यांना म्हटलं, चांगला माणूस आहे, पण थोडा सुटलेला आहे.

त्यांची गाडी बिल्डिंगच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये असायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या ज्या जातीच्या, तीच जात, फक्त रंग दुधी. बाहेरून अगदी गरीब गाय. पण बॉनेट उघडलं की भाऊजी असे काही दाखवायला लागायचे की वाटावं, आत बाळकृष्णच निजलाय.

आणि खरी गंमत पुढेच आहे. एवढ्या कडक स्प्रिंगांची तयारी करणारा हा माणूस गाडी चालवायचा कशी? पुढे टांगा असला तर टांगा निघून जायचा. एकदा मी बाजारातून भाजीच्या पिशव्या घेऊन चालत येत होते आणि हे गाडीतून. काच खाली करून त्यांनी चौकशी केली, मी उत्तर दिलं, आणि अशा गप्पा मारत आम्ही दोघं बरोबरीनं थेट बिल्डिंगच्या फाटकापर्यंत आलो! शालिनीताई शेजारच्या सीटवर मांडीवर पर्स ठेवून मुकाट बसलेल्या. नजर समोर. मला त्यांची इतकी कीव आली म्हणून सांगू! शाळेत तिसरीच्या पोरांशी घसा फोडायचा, घरी येऊन स्प्रिंगा पुसायच्या, आणि रविवारी ह्या माणसाबरोबर गोगलगायीची सहल. एकदा न राहवून मी विचारलं, "ताई, तुम्ही सहन कसं करता हो हे सगळं?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "आवडतं गं मला."

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, बघा, ह्याला म्हणतात संसार. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तू पण लाव मग पाट."

भाऊजींचं एक पालुपद होतं. "कंपनीनं दिलंय म्हणून तसंच वापरायचं का?" कुकर असो, खुर्ची असो, शर्टाची बटणं असोत, कंपनीनं दिलेलं त्यांना कधी पुरेसं वाटलंच नाही. आमच्या ह्यांच्या बटणाच्या छत्रीची स्प्रिंग गेली तर भाऊजींनी हौसेनं नवी घालून दिली. ह्यांनी ठाण्याच्या ऑफिसात पोचल्यावर बटण दाबलं. दांडा हातात राहिला आणि छत्री साहेबांच्या टेबलावर. पुढे सोसायटीच्या फाटकाची स्प्रिंग सैल झाली. ती भाऊजींनी बदलली. आमचे सेक्रेटरी रोज संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात, एकेक पाऊल टाकत आत यायचे. त्या दिवसापासून ते धावत यायला लागले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला तेव्हा भाऊजी शांतपणे म्हणाले, "फाटकाचं काम काय? मिटणं. मिटतंय ना?"

स्प्रिंगा ते वळवून आणायचे मानपाड्याच्या इंडस्ट्रियल एरियातून. तिथे जयराम भोईर म्हणून एका आगरी गृहस्थांचं वर्कशॉप होतं. सोफ्याच्या, शटरच्या, कसल्याही स्प्रिंगा ते करायचे. मला एकदा डोंबिवलीला नणंदेकडे जायचं होतं म्हणून मी गाडीत बसून गेले. जेवायला बोलावलेलं, चहाला पोचले, ते सोडा. पण वाटेत भोईरांकडे थांबलो तेव्हा भाऊजी त्यांना पहिल्या खेपेच्या स्प्रिंगा परत देत होते. का, तर आठातली एक बाकीच्या सातांपेक्षा किंचित मऊ.

भोईर कपाळाला हात लावून म्हणाले, "साएब, सोफ्याची स्प्रिंग न्या ना त्यापेक्षा. निवांत बसाल तरी. तुमी मना येरा कराल एक दिस!" येरा म्हणजे वेडा, हे ताईंनी मला कानात सांगितलं.

"एक मऊ असून चालत नाही जयरामशेठ. तीच पहिली दगा देते."

शालिनीताई तिथे स्टुलावर बसून एकेक स्प्रिंग अंगठ्यानं दाबून बघत होत्या. एक उचलून बाजूला ठेवली. म्हणाल्या, "ही." भाऊजींनी पट्टीनं मोजली. तीच निघाली. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की नाही? पण नाही पडला.

कडक स्प्रिंगा आल्या म्हणजे संपलं असं नव्हतं. घरात नवे पडदे लावले की भिंती मळक्या दिसायला लागतात ना, तसं त्या इंजिनाचं झालं. स्प्रिंग कडक म्हणून दार ढकलणाऱ्या सळ्या वाकायला लागल्या. सळ्या जाड करून आणल्या तर त्यांच्या वरचे हलते दांडे झिजायला लागले. स्प्रिंगांच्या डोक्यावर लोखंडी टोप्या असतात, त्या जड आहेत म्हणून भाऊजी रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसून त्या कानशीनं घासायचे. बिल्डिंगमध्ये एकाच घरात टीव्हीचा आवाज कमी आणि खरखर जास्त. एकदा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, मूठभर कणीक द्या. घट्ट भिजवा. तेलाचा हात लावून."

मला वाटलं ताई घरी नाहीत, पोळी करून खाणार बिचारे. मी म्हटलं, थांबा, मीच लाटून देते. तर म्हणे लाटायची नाही, पिस्टनवर थापायची आहे. इंजिन हातानं एकदा फिरवायचं, मग उघडून बघायचं, दार आणि पिस्टन ह्यांच्यामधे कणकेचा थर किती जाड राहिला. तेवढी जागा सुरक्षित. मी त्या दिवशी शेडमध्ये जाऊन तो कणकेचा गोळा डोळ्यांनी पाहिला. त्यावर व्हॉल्वचा गोल ठसा उमटलेला, आणि भाऊजी तो सुरीनं कापून पट्टीनं मोजतायत. मला हे सगळं आवडायला लागलेलं, खोटं कशाला बोलू? पण हा माणूस ही गाडी पळवणार कुठे, हा किडा काही डोक्यातून जाईना.

ते एक दिवस त्यांनीच सांगितलं. कल्याणहून नेवाळीकडे गेलं की महायुद्धाच्या वेळची विमानांची जुनी धावपट्टी होती. थंडीच्या दिवसांत काही हौशी लोक तिथे पिंपं मांडून गाड्यांच्या शर्यती लावायचे. त्यात भाऊजींची गाडी उतरणार होती. "सरळ पट्टा आहे वहिनी. तिथे पाय पूर्ण खाली जातो. तिथे जर झडपा तरंगल्या..." स्प्रिंगा टिकल्या पाहिजेत, बस, एवढंच त्यांना हवं होतं. पहिला नंबर वगैरे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

मी मनात म्हटलं, तुमच्या वेगानं झडपा तरंगणार नाहीत भाऊजी, झोपतील.

शर्यतीच्या आधी एका रविवारी त्यांनी मला गाडीतून चलायला सांगितलं. गाडीच्या मागच्या बाजूला वजन हवं होतं. म्हणजे एवढ्या ओळखीनंतर माझा उपयोग पोत्याचाच! तरी मी गेले. भाऊजी चालवतायत, ताई शेजारी. शहाडचा पूल ओलांडेपर्यंत दोन सायकली पुढे गेल्या. पूल संपला, मुरबाडचा रस्ता लागला आणि भाऊजींनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं टायर गेला. तर ते उतरले, मागचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. शालिनीताई सरकल्या, पदर कमरेला खोचला, दोन्ही हात चाकावर ठेवले.

"निघू?" त्यांनी विचारलं.

"निघ," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाई गं! मी किंचाळले का, ते मला आठवत नाही. ताई नंतर म्हणाल्या की किंचाळले. रस्त्याकडेची झाडं नुसती सटासटा मागे. ती मुकाट, गरीब, मांडीवर पर्स ठेवून बसणारी बाई वळणावर असा काही गिअर बदलायची की मी जाऊन दारावर आपटायचे. आणि शेजारी भाऊजी डोळे मिटून, कान टवकारून, एका हातानं दाराची मूठ घट्ट धरून बसलेले. ओठ पांढरे पडलेले. कडक स्प्रिंगा पुन्हा मापाला काढलेल्या, त्या दिवशी आत कंपनीच्या जुन्याच होत्या. एका ठिकाणी इंजिनाचा चढता आवाज एकदम बसला, घशात कफ आल्यासारखा. भाऊजी ओरडले, "तरंगल्या! शालिनी, सोड!" ताईंनी पाय उचलला. आवाज आणखी खाली आला आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. त्यातला झडपांचा आवाज कुठला आणि पाय उचलल्याचा कुठला, ते मला काही कळलं नाही. मी रामरक्षा म्हणत होते.

पुढे एका टपरीवर चहाला थांबलो.

"माझे वडील मुरबाडहून लाकडाचा ट्रक चालवायचे," ताईंनी सांगितलं. "घरात मुलगा नव्हता, मग मलाच शिकवलं. लग्नासाठी बघायला आलेल्या सगळ्यांना मी खरं सांगायचे, मला गाडी चालवायला आवडते. सगळे पोहे खाऊन निघून जायचे. हे एकटे म्हणाले, केवढ्या वेगानं?"

"आणि तुम्ही इतकी वर्षं हे लपवून ठेवलंत?"

"लपवलं कुठे? तू विचारलंच नाहीस. तू फक्त म्हणालीस, कसं सहन करता."

मी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हटलं, "पण गावातून भाऊजी का चालवतात?"

"पोरं असतात रस्त्यावर," भाऊजींनी उत्तर दिलं. "हिला हळू जमत नाही."

ताई पैसे द्यायला गेल्या तेव्हा ते माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "मला वेगाची फार भीती वाटते वहिनी. लहानपणापासून. ही पाय खाली दाबते तेव्हा माझ्या छातीत दुखतं."

"मग सांगा ना त्यांना हळू चालव म्हणून!"

"कसं सांगू? पोहे खाताना मीच विचारलेलं ना!" आणि मग म्हणाले, "ती हळू होणार नाही. मग गाडी तिच्या जोगी करायची. दुसरं काय आहे माझ्या हातात?"

मला त्या माणसाला चहाच्या टपरीवर नमस्कार करावासा वाटला. केला नाही, लोक होते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. ताई शाळेत होत्या. बाकड्यावर वनस्पती तुपाचे दोन डबे. एकात नव्या कडक स्प्रिंगा, दुसऱ्यात त्याहून मऊ.

"ह्या मऊ घातल्या तर गाडी एका वेगाच्या वर जाणारच नाही," ते म्हणाले. "झडपा जरा तरंगतील, दम सुटेल, बस. मोडणार काही नाही. कणकेनं मोजलंय मी. तिला वाटेल, गाडीचीच ताकद एवढी. घरी येईल सुखरूप."

"आणि ह्या कडक?"

"मग तिच्या पायात असेल तेवढी जाईल."

त्यांनी दोन्ही डबे माझ्यापुढे सरकवले. "तुम्ही सांगा वहिनी. कुठल्या घालू?"

मी म्हटलं, "भाऊजी, खरं सांगू? मी असते तर मऊ घातल्या असत्या आणि जन्मभर तोंड उघडलं नसतं."

त्यांनी मान डोलावली. मग मऊ स्प्रिंगांच्या डब्याला झाकण लावलं आणि कडक स्प्रिंगांचा डबा ओढला.

"मनात आलेलं खरं," म्हणाले. "पण मग संध्याकाळी तिच्याशी बोलू काय? एवढ्याशा पट्टीवर वर्षभर दोघांनी मिळून मापं घेतलीयत." मी तिथेच बसून राहिले आणि त्यांनी माझ्यासमोर एकेक करून कडक स्प्रिंगा बसवल्या.

नेवाळीला सकाळपासून धुरळा आणि पेट्रोलचा वास. बायकांची शर्यत दुपारी ठेवलेली, पुरुष मंडळी डबे उघडून जेवायला बसतात तेव्हा. सहा गाड्या होत्या. बाकी पाच जणी मुंबईच्या, गॉगल घातलेल्या. आमच्या ताई भाऊजींच्या जुन्या पँटमध्ये, कमरेला पट्टा आवळून चुण्या पडलेल्या. हेल्मेट अंबाड्यावर बसेना म्हणून मी घाईघाईनं दोन वेण्या घालून दिल्या. ताईंचे हात गार पडलेले, पण डोळे इतके चमकत होते की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

भाऊजी मात्र गर्दीपासून दूर, सरळ पट्ट्याच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. गाडी सगळ्यात जोरात असते तिथे. मी बरोबर गेले. बघते तर त्यांनी पट्ट्याकडे पाठ केली, तोंड बाभळीकडे.

"अहो, दिसणार काय असं?"

"बघवणार नाही. ऐकतो."

झेंडा पडला. पहिल्याच फेरीत आमची दुधी गाय सगळ्यांच्या पुढे! मी नाचायला लागले. गाडी सरळ पट्ट्यावर आली, आवाज चढत गेला, स्वच्छ, कुठे खरखर नाही, आणि आमच्यासमोर येताच एकदम बसला. क्षणभरच. पुढे जाऊन पुन्हा चढला.

भाऊजींनी माझा दंड धरला. "तरंगल्या! वहिनी, तरंगल्या!"

"नाही हो."

"मी ऐकलं ना! वहिनी, तुम्ही होता शेडमध्ये. डबा कुठला होता? कडकच होता ना? माझ्या हातानं तर... घाबरून मी मऊच तर नाही घातल्या?"

"कडकच होता. मी पाहिलाय."

दुसऱ्या फेरीत तेच. बरोबर आमच्यासमोर आवाज खाली, आणि तेवढ्यात मागची लाल गाडी पुढे निघून गेली. तिसऱ्या, शेवटच्या फेरीला त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलेलं, पण कान मोकळे ठेवलेले. पुन्हा तेच. ताई दुसऱ्या आल्या.

त्या गाडीतून धडधाकट उतरल्या, ते बघून भाऊजींचा जीव खाली पडला. पण काही सेकंदच. लगेच बॉनेट वर, हात भाजतोय तरी वरचं झाकण काढलं, पट्टी बाहेर. मी वाकून बघितलं. स्प्रिंगा कडकच होत्या. सगळ्या शाबूत. सळ्या सरळ, टोप्या जागेवर. भाऊजी वेड्यासारखे बघत राहिले. "मग दम गेला कुठे? टोप्यांचं वजन असेल का? अजून घासाव्या लागणार..." असं पुटपुटत कामालाही लागले.

मी ताईंच्या मागे पाण्याच्या पिंपाकडे गेले. भाऊजींची पाठ होती, पण माझी नव्हती. तिन्ही वेळा ताईंनी मान वळवून भाऊजींच्या पाठीकडे बघितलं आणि गाडी हळू केली, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं.

"ताई, तिथे तुम्ही पाय उचललात. प्रत्येक फेरीला."

त्यांनी तोंडावर पाणी मारलं. वेण्यांमधून धूळ ओघळली.

"तिथे हे उभे होते ना गं. पाठ करून, खांदे असे वर घेऊन. त्यांच्या जवळून तेवढ्या जोरात कशी नेऊ?"

"पण पहिला नंबर गेला!"

"गेला," त्या म्हणाल्या. वाईट वाटलेलं दिसत होतं, त्यांनी लपवलं नाही.

"आणि ते तिकडे समजतायत की स्प्रिंगा चुकल्या. आता पुन्हा भोईर, पुन्हा वखार. सांगून का नाही टाकत?"

ताईंनी भाऊजींकडे बघितलं. ते बॉनेटमध्ये अर्धे शिरलेले.

"सांगितलं तर पुढच्या वेळी आपली अडचण नको म्हणून पार लांब जाऊन उभे राहतील," त्या म्हणाल्या. "ऐकूसुद्धा येणार नाही इतक्या लांब."

तेवढ्यात भाऊजींनी पान्यासाठी हाक मारली, आणि ओल्या हातानंच त्या तिकडे गेल्या.